खांदेरीच्या पाण्यात शिडाच्या होड्या

तुमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्यावर आजची तिथी पाहा. समजा, पंचमी आहे. आता पाचाची पाऊणपट करा. पावणेचार आले ना? तर मग आज अलिबागच्या समुद्राला पूर्ण भरती दुपारी पावणेचारच्या सुमाराला येणार, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे रात्री दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी होणार. तुम्ही बसला आहात जालन्यात. समुद्र तुमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही त्याचे वेळापत्रक तुम्ही आत्ता तोंडी सांगितलेत.

हा हिशेब कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा. त्यात जादू काहीच नाही. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे तो रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, तेव्हा तीही रोज तितकीच उशिरा येते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते. एका पक्षात तिथ्या पंधरा, आणि तेवढ्यात भरतीची वेळ बारा तास पुढे जाते. बारा तास भागिले पंधरा म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे. आपल्या पूर्वजांनी अठ्ठेचाळीसऐवजी पंचेचाळीस धरली, कारण पाऊणपट तोंडी करता येते. पक्षाच्या शेवटी त्यामुळे पाऊण तासाची चूक पडते. पण होडी हाकणाऱ्याला तेवढी चालते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, नियम तोच.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात दुधना आणि कुंडलिका. आम्हाला भरतीचे काय करायचे आहे? तर ऐका. एक गोष्ट अशी आहे की, तिची एक बाजू जालन्यात घडली आणि दुसरी समुद्रात, त्याच वर्षी आणि त्याच हिवाळ्यात.

१६७९ चा हिवाळा

नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची फौज जालन्यावर चालून आली. त्या वेळचे जालना म्हणजे मोगलांच्या ताब्यातली मोठी, श्रीमंत पेठ. महाराजांच्या अखेरच्या मोठ्या स्वाऱ्यांपैकी ही एक. परतताना मोगल फौजेशी लढाई झाली, तीत सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकाने आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर नेले. हे तुम्ही इतिहासात वाचले असेल.

घोड्यांच्या टापा इकडे वाजत होत्या, तेव्हा तिकडे सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर महाराजांचीच माणसे एका खडकाळ बेटावर तट बांधत होती. ते बेट खांदेरी. अलिबागजवळच्या थळ गावासमोर दोन बेटे आहेत. किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटरवर उंदेरी, आणि तिच्याही पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरांवर, खांदेरी. मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर या बेटावरून नजर ठेवता येते. मुंबईच्या इंग्रजांना म्हणूनच तेथे मराठ्यांचा किल्ला नको होता. जंजिऱ्याच्या सिद्दीलाही नको होता.

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी काही शे माणसे आणि तोफा घेऊन बेटावर उतरला व काम सुरू झाले. इंग्रजांनी आधी लहान जहाजे पाठवली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. मग ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज आले, त्याच्याबरोबर गुराबा, शिबाडे आणि मचवे मिळून आणखी सात. काम सोपे वाटत होते. बेटाला वेढा घालायचा, किनाऱ्यावरून धान्य, दारूगोळा जाऊ द्यायचा नाही, की बेट आपोआप हाती येईल.

पण तसे झाले नाही. मराठ्यांची लहान लहान गलबते रात्रीची निघत, वेढा घालणाऱ्या जहाजांच्या मधून बेटावर पोहोचत, माल टाकत आणि उजाडायच्या आत परत येत. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पाच किलोमीटरांच्या पाण्यात मोठमोठ्या तोफांच्या नाकासमोरून हे कसे होत असे? त्याचे उत्तर धाडसात आहे, हे खरे. परंतु नुसते धाडस तर दोन्हीकडे होते. उरलेले उत्तर शीड, वारा आणि पाणी यांच्या गणितात आहे. ते आता पाहू.

मोसंबीची बी आणि शेतातला नांगर

वारा पाठीमागून असला की शिडाची होडी पुढे जाते, हे कुणालाही पटते. वाळलेले पान वाऱ्याबरोबर जाते, तसेच ते. पण वारा समोरून तिरपा येत असतानाही होडी पुढे जाते, म्हणजे काही अंशी वारा जिकडून येतो तिकडेच जाते. हे कसे?

जालन्यात मोसंब्यांना तोटा नाही. एक मोसंबी सोला, त्यातली ओली बी घ्या आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत जोरात दाबा. बी सटकन पुढे उडते. तुमची बोटे तर आडव्या दिशेने दाबत होती, एक इकडून, दुसरे तिकडून. बी मात्र तिसऱ्याच दिशेने गेली. याचे कारण तिचा निमुळता आकार. शिडाच्या होडीला अशीच एक चिमटी असते. तिचे एक बोट वारा आणि दुसरे बोट पाणी.

वारा शिडावर तिरपा आला की शीड त्याला वळवते. वाऱ्याला वळवायचे तर शिडाने त्याला ढकलले पाहिजे, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वाराही शिडाला तितकेच उलट ढकलतो. हे बल साधारणपणे शिडाच्या पृष्ठाशी काटकोनात असते. वहीत त्याचे दोन घटक पाडून पाहा. मोठा घटक होडीला बाजूला लोटतो, लहान घटक पुढे नेतो. आता बाजूला जाणे कुणी अडवले, तर उरेल ते पुढे जाणेच.

अडवण्याचे काम होडीचा पाण्याखालचा भाग करतो. तुमच्या शेतातला नांगर आठवा. फाळ जमिनीत रुतला की तासाच्या रेषेत तो सरळ चालतो, पण त्याला आडवा ढकलू गेलात तर हलत नाही. लांब, अरुंद होडी आणि तिच्या तळाचा कणा पाण्यात असेच तास धरतात. (गमतीची गोष्ट अशी की दर्यावर्दी लोकही ‘नांगर’ म्हणतात, पण तो होडी चालवण्यासाठी नव्हे, थांबवण्यासाठी!)

तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. वाऱ्याशी काही एक कोन धरूनच जावे लागते. मग आधी डावीकडे तिरपे, नंतर वळून उजवीकडे तिरपे, असे नागमोडी जायचे. बैलगाडी घाट चढताना वळणे घेते, तसेच. येथे दहावीचे गणित कामी येते. वाऱ्याच्या दिशेशी ६० अंशांचा कोन धरणाऱ्या होडीला वाऱ्याविरुद्ध १० किलोमीटर जायला किती अंतर कापावे लागेल? दहाला कोज्या ६० ने भागा, म्हणजे अर्ध्याने. २० किलोमीटर. आणि कोन ७० अंशांचा असेल तर? तेच अंतर २९ किलोमीटरांवर जाते. दहा अंशांचा फरक, पण वाट जवळजवळ दीडपट!

त्या काळच्या मोठ्या युरोपीय जहाजांवर मुख्य शिडे चौकोनी असत आणि डोलकाठीवर आडव्या दांड्यांना टांगलेली असत. पाठीमागचा वारा पकडायला ती उत्तम. महासागर ओलांडायचा तर तशीच हवीत. पण त्या दांड्या एका मर्यादेपलीकडे फिरवता येत नाहीत, म्हणून जहाजाला वाऱ्याशी मोठा कोन ठेवावा लागतो. गलबताचे शीड त्रिकोणी. डोलकाठीवर एक लांब काठी तिरपी चढवलेली, तिचे टोक डोलकाठीच्याही वर गेलेले आणि तिला ते प्रचंड शीड बांधलेले. असे शीड होडीच्या लांबीच्या दिशेत अधिक ओढून घेता येते, म्हणून होडी वाऱ्याच्या अधिक जवळ जाते.

हे सारे एखाद्या रविवारी घरी करून पाहता येईल. थर्माकोलच्या तुकड्याची वीतभर लांब, अरुंद होडी कापा. मध्ये पेन्सिल रोवून तिला पोस्टकार्डाचे शीड लावा; होडीची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांच्या साधारण मध्ये ते तिरपे राहू द्या. मोठ्या परातीत किंवा हौदात सोडा आणि एका बाजूने पुठ्ठ्याने वारा घाला. होडी बाजूलाच वाहत जाईल. आता तिच्या तळाला लांबीच्या दिशेने एक पातळ पट्टी उभी खोचा (जुनी प्लॅस्टिकची मोजपट्टी चालेल), कलंडू नये म्हणून पट्टीच्या खालच्या कडेला एक खिळा बांधा आणि पुन्हा तसाच वारा घाला. होडी आता पुढे निघेल. शीड तेच, वारा तोच. बदलले ते फक्त पाण्याखालचे.

उथळ पाण्याचा सौदा

येथे हुशार वाचक एक शंका काढील. पट्टी जितकी खोल, तितकी बाजूची घसरण कमी; मग गलबताचा तळ खूप खोल का करीत नसत? कारण कोकण किनाऱ्याला खोल तळ परवडत नाही. खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि बेटांभोवती पाण्याखाली खडक असतात. खोल तळाचे जहाज तेथे अडकते. म्हणून आपल्या जहाजबांधणी करणाऱ्यांनी सौदा केला. तळ उथळ ठेवला आणि त्याची काही भरपाई होडीच्या लांबीने केली. उरलेली भरपाई वल्ह्यांनी. मोठ्या गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही असत आणि केवळ वल्ह्यांच्या जोरावर ते तासाला सहा-साडेसहा किलोमीटर जाई. माझ्या मते तरी शिडापेक्षाही हा सौदा अधिक अकलेचा होता.

आता तुमची पाऊणपट पुन्हा काढा. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. म्हणजे दीड मजला पाणी! अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला लोक पायी जातात, आणि सहा तासांनी त्याच वाटेवर होड्या चालतात. (तुमची सहल तेथे गेली, तर पाऊणपटीवर विसंबून पाण्यात उतरू नका. तेथल्या माणसांना आणि छापील कोष्टकाला विचारा.) खाडीच्या तोंडाचा वाळूचा दांडा भरतीला पाण्याखाली खोल जातो. उथळ तळाचे गलबत त्यावरून आत शिरते. त्याच्या पाठलागावर आलेल्या मोठ्या जहाजाला बाहेरच थांबावे लागते, आणि हट्टाने पुढे गेलेच तर ओहोटी लागताच ते वाळूत बसते. कोणत्या तिथीला, कोणत्या प्रहरी, कोणत्या दांड्यावर किती पाणी असेल, हे थळ-नागावच्या माणसांना तोंडपाठ होते.

वाऱ्याचे वेळापत्रक

खळ्यावर उपणणी करताना शेतकरी आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघतो. कोकणातल्या खलाशाला त्याहून थोडे अधिक माहीत असते. वारा केव्हा पालटणार, हेही तो सांगतो.

दुपारी अनवाणी शेतात जा. ढेकळे पायाला चटका देतात, पण विहिरीचे पाणी गार असते. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी दोन्ही गोष्टी सावकाश करते. दिवसा किनाऱ्यावरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा गार होते आणि उलटा प्रवाह सुरू होतो. हे मतलई वारे. भूगोलाच्या पुस्तकात दोन्ही नावे तुम्ही पाठ केली आहेत. पावसाळ्यातला जोरदार नैर्ऋत्य वारा या दोघांना दाबून टाकतो. तो संपला, आकाश निवळले, की ऑक्टोबरपासून पुढे कित्येक महिने हे वारे घड्याळासारखे चालतात. जालन्यापर्यंत ते पोहोचत नाहीत, किनाऱ्याच्या पट्ट्यातच त्यांचा खेळ.

खांदेरीचा नकाशा आता या वेळापत्रकावर ठेवून पाहा. किनारा पूर्वेला, बेट पश्चिमेला. मध्यरात्रीनंतर मतलई वारा किनाऱ्याकडून बेटाकडे वाहतो. म्हणजे किनाऱ्यावरून निघालेल्या गलबताच्या तो पाठीशी. दुपारी खारा वारा बेटाकडून किनाऱ्याकडे, म्हणजे परतीची सोय. आणि या दोहोंच्या मधल्या वेळी वारा अगदी पडतो. तेव्हा शिडाचे मोठे जहाज पाण्यावर ठोकळ्यासारखे उभे राहते. वल्ह्यांचे गलबत मात्र चालतच असते.

पन्नास-साठ होड्यांचा तांडा

इंग्रजांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १८ ऑक्टोबर १६७९ ची पहाट. आजच्या पंचांगाप्रमाणे ती २८ ऑक्टोबर होते, कारण तेव्हा दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. उजाडण्यापूर्वीच दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांची पन्नास-साठ गलबते किनाऱ्याकडून निघाली आणि नाळेवरच्या तोफा डागत इंग्रज आरमारावर आली. पहाटेच का निघाली, हे आता तुम्हाला सांगायला नको.

लहान होड्यांनी जमावाने जाण्यात एक भूमितीही आहे. मोठ्या जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींत ओळीने असतात. कुशीसमोर जाल तर भाजून निघाल. पण नाळेसमोर आणि पाठीमागे त्याचा मारा फार थोडा. ते तोंड फिरवायचे म्हणते तर त्याला वारा हवा आणि वेळ हवा. एका गलबताकडे ते तोंड वळवीपर्यंत दुसरी दहा त्याच्या पाठीशी जातात. शिवाय वारा जिकडून येतो त्या बाजूला जो आहे, त्याला केव्हा चालून जायचे ते ठरवता येते. खालच्या बाजूच्याला ती मुभा नसते. आणि शिडाच्या मागे ‘वाऱ्याची सावली’ पडते, तीत सापडलेल्या जहाजाचे शीड लुळे पडते. आजच्या शिडांच्या शर्यतींतही खेळाडू एकमेकांचा वारा असाच चोरतात.

अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ या इंग्रज गुराबेने शरणागती पत्करली. बाकीची जहाजे दूर राहिली. एकटे ‘रिव्हेंज’ उभे ठाकले. त्यावर केग्विन नावाचा जिद्दी कॅप्टन होता. त्याच्या तोफांनी पाच गलबते बुडवली, तेव्हा मराठी आरमार मागे फिरले आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शिरले. खोल पाण्यात, उजेडी, समोरासमोर, मोठ्या तोफेपुढे लहान होडी टिकत नाही. आमच्या काही पुस्तकांत या दिवसाचे वर्णन निव्वळ विजय म्हणून येते, इंग्रजांच्या काही पुस्तकांत त्यांचा विजय म्हणून. दोन्ही अर्धी खरी आहेत.

कारण प्रश्न त्या सकाळचा नव्हताच. तो होता बेटावर रोज धान्य पोहोचते की नाही, हा. आणि ते पोहोचतच राहिले. नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार येऊन इंग्रजांना मिळाले, तरी पोहोचत राहिले. ही निमुळती गलबते आपल्या जहाजांना आटोपत नाहीत, अशी तक्रार इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या वरिष्ठांना लिहून कळवली. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. पण खांदेरी काही पडली नाही. वर्षाच्या सुरुवातीसच इंग्रजांनी वेढ्यातून अंग काढून घेतले आणि समेट केला.

भोकरदनची बाहुली

जालना जिल्ह्याचा शिडांशी संबंध याहूनही जुना आहे, तो थोडक्यात सांगतो. तुमचे भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळचे भोगवर्धन. तेथल्या उत्खननात हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच धाटणीची मूर्ती इटलीत पाँपे येथे १९३८ मध्ये सापडली होती, आणि पाँपे तर इ. स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. आपल्याकडची अशी कलाकुसर दख्खनच्या पेठांतून बैलांवर लादून किनाऱ्यावर आणि तेथून मोसमी वाऱ्यांवर शिडाच्या जहाजांनी पश्चिमेला जात असे. शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यात शिडांचे एक जहाज रंगवलेले आहे. त्याच चित्रावरून आपल्या नौदलासाठी दोरीने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधण्यात आले आणि ते २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले.

खांदेरीवर आज दीपगृह आहे, १८६७ साली बांधलेले. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरीही आहे. थळहून होडीने तेथे जाता येते. होडीला आता यंत्र असते, म्हणून वारा कुणी विचारीत नाही. भरती मात्र अजून विचारतात.

आता तुमच्यासाठी एक गणित. थळपासून खांदेरी बरोबर पश्चिमेला ५ किलोमीटर आहे असे धरा. दुपारचे चार वाजले आहेत आणि खारा वारा थेट पश्चिमेकडून येतो आहे. तुमच्या गलबतावर धान्याची पोती आहेत. तुम्ही वाऱ्याशी ६० अंशांचा कोन धरून तासाला ६ किलोमीटर वेगाने शिडावर जाऊ शकता, किंवा शीड उतरवून त्याच वेगाने सरळ वल्हवू शकता, किंवा मतलई वारा सुटेपर्यंत थांबू शकता. प्रत्येक प्रकारात प्रवासाला किती मिनिटे लागतील? पोती उतरवायची आहेत, उजाडायच्या आत परत यायचे आहे, आणि तिथी अष्टमी आहे. तुम्ही सारंग आहात. केव्हा निघाल?